फिटच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या: सोलापूरहून निघताना काय तयारी हवी?

पूर्वभाग_सोलापूर

धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. वय २७. दोन वर्षांची असताना तापात अर्धा तास चाललेली आकडी, मग मध्ये काही नाही, आणि १५व्या वर्षापासून फिट. सध्या महिन्याला ४-५. कार्बामाझेपिन आणि व्हाल्प्रोएट पूर्ण डोसात घेऊन झाल्या. आता ऑक्सकार्बाझेपिन ६०० दोन वेळा, लेव्हेटिरासिटाम १००० दोन वेळा आणि रात्री क्लोबाझाम १०.

फिट अशी येते: "पोटातून काहीतरी वर चढतंय" म्हणते, मग नजर थिजते, ओठ चाटते. उजवा हात वाकडा होऊन ताठ राहतो, डावा हात सुपातली विडीची पानं चाळत राहतो. दीड-दोन मिनिटांत संपतं. पुढची पाचेक मिनिटं बोलता येत नाही. बोलायला लागली की आधी तेलुगू येते, मराठी नंतर.

२०१९चा एमआरआय (१.५ टेस्ला ताकदीचं मशीन) नॉर्मल. अर्ध्या तासाच्या ईईजीत (मेंदूच्या विजेच्या लहरींचा आलेख) डाव्या टेम्पोरल भागात, म्हणजे कानशिलाच्या आत, शार्प वेव्ह (फिटकडे बोट दाखवणाऱ्या टोकदार लहरी). इथल्या न्यूरोलॉजिस्टनी आता फिट जिथून सुटते तो मेंदूचा भाग काढण्याच्या ऑपरेशनच्या दृष्टीने पूर्ण तपासणी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिलीय. पुणे, मुंबई की हैदराबाद, ते अजून ठरलं नाही.

प्रश्न: व्हिडिओ ईईजीला (फिटचा व्हिडिओ आणि ईईजी एकत्र काढतात ती) ॲडमिट झालो म्हणजे ऑपरेशनला हो म्हटल्यासारखं होतं का? फिट यायला हवी तर गोळ्या घरूनच कमी करून जायचं का? एमआरआय परत कशाला? स्मरणशक्तीची परीक्षा घेतात म्हणे, ती कुठल्या भाषेत? घरी आम्ही तेलुगू बोलतो, तिची शाळा दहावीपर्यंत मराठी. "धीर धरा" वगैरे नको, कामाचं सांगा.

तारा_आणि_पेस्ट

घरून एकही गोळी कमी करू नका. अर्धीसुद्धा नाही. क्लोबाझाम एकदम तोडली तर फिटवर फिट लागते, आणि ती कुर्डुवाडीच्या पुढे चालत्या गाडीत लागली तर तुम्ही काय करणार? गोळ्या कमी करतात ते वॉर्डात, हाताला सुई लावून, इंजेक्शन तयार ठेवून. त्यातही क्लोबाझाम आणि फेनोबार्बिटोन बहुतेक ठिकाणी शेवटी आणि हळूच हलवतात, आधी बाकीच्यांना हात लावतात. तुमचं काम एवढंच की आजच्या गोळ्या, डोस आणि वेळा कागदावर लिहून न्यायच्या आणि आठवड्याच्या पट्ट्या सोबत ठेवायच्या.

ॲडमिट होणं म्हणजे होकार नाही. ऑपरेशनची संमती वेगळी, तिचा कागद वेगळा. सगळे रिपोर्ट आल्यावर न्यूरोलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट एकत्र बसतात. तिथे "करता येईल", "आणखी एक तपासणी हवी" आणि "करू नये" यातलं काहीही निघू शकतं. कधी फिट दोन्ही बाजूंनी सुरू होताना दिसते, कधी ती बोलण्याच्या केंद्रातूनच निघते, कधी ती अपस्माराची नसतेच, मानसिक कारणाची असते. हेही व्हिडिओ ईईजीतूनच कळतं.

आता खोलीत काय होतं ते. डोक्यावर मोजून खुणा करतात आणि २१ इलेक्ट्रोड लावतात. टेम्पोरलचा संशय असेल तर कानाच्या पुढे-खाली, गालफडाच्या वर, आणखी काही. पेस्ट किंवा कोलोडियन नावाच्या उग्र वासाच्या चिकट द्रावानं ते बसवतात, वरून गॉजचं मुंडासं बांधतात. तास-सव्वा तास जातो. केस काढत नाहीत. पण केसांत तेल असेल तर पेस्ट धरत नाही, आणि आपल्याकडच्या मुलींच्या केसांत पिढ्यान्‌पिढ्यांचं खोबरेल असतं. आदल्या रात्री शाम्पूनं दोनदा धुवायचे, कंडिशनर नाही, सकाळी तेलाचं बोटही नाही, वेणी न घालता मोकळे केस घेऊन यायचं. डोक्यावरून ओढून घालायचे कपडे नेऊ नका. पुढून बटणाचा गाऊन किंवा शर्ट न्या, चारेक तरी, कारण पुढचे काही दिवस मुंडाशावरून काहीच जाणार नाही.

मुक्काम ३ ते ७ दिवसांचा धरा. नेहमीसारख्या तीन-चार फिट मिळाल्या तर काम होतं. "नेहमीसारख्या" हा शब्द महत्त्वाचा आहे. गोळ्या उतरल्यावर कधी घरी कधीच न आलेली, सगळं अंग झटके देणारी मोठी फिट येते. ती रेकॉर्ड होते, पण ती तुमची रोजची फिट आहे का, ते घरच्यांनीच सांगायचं असतं. म्हणून प्रत्येक फिटनंतर नर्स विचारेल, "अशीच असते का?" त्याला नुसतं "हो" म्हणू नका. हात तोच होता का, वेळ तेवढीच का, बोलणं तसंच बंद झालं का, ते सांगा.

सोबत थांबणाऱ्या माणसावर निम्मी तपासणी अवलंबून असते, आणि हे कुणी आधी सांगत नाही. फिट सुरू होताच बटण दाबा. पोटातलं चढणं तिला कळतं, म्हणजे तिनंच दाबलं तर उत्तम, ते काही सेकंद फार मोलाचे असतात. मग पांघरूण पूर्ण काढा, दिवा लावा आणि कॅमेरा व ती यांच्या मधून बाजूला व्हा. आई असते ती हमखास धावत जाऊन मिठी मारते, आणि रेकॉर्डिंगमध्ये दीड मिनिट आईची पाठ दिसते. हात धरू नका. तो उजवा हात कसा वळतो तेच तर पाहायचंय. कांदा, चप्पल, मुठीत चाव्या यातलं काही नको. नाव विचारा, "डावा हात वर कर" म्हणा, पेन दाखवून "हे काय?" विचारा, एक शब्द द्या, समजा "चादर", आणि शुद्धीवर आल्यावर कोणता शब्द दिला होता ते विचारा. आधी तेलुगूत, मग मराठीत, आणि दर अर्ध्या मिनिटानं परत. बोलणं किती सेकंदांनी परत आलं ते व्हिडिओवरून मोजतात.

याचा अर्थ असा: एक हात असा वाकडा ताठरतो तेव्हा बहुतेक वेळा गडबड मेंदूच्या विरुद्ध बाजूला असते, आणि जो हात चाळा करत राहतो तो गडबडीच्याच बाजूचा असतो. नंतर बराच वेळ बोलता न येणं हे बोलण्याचं केंद्र असलेल्या बाजूकडे बोट दाखवतं. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी डावीकडे जातात, ईईजीही डावीकडे. ही निरीक्षणं रिपोर्टात हवीत, म्हणून घरीच मोबाइलवर दोन-तीन फिट काढून ठेवा. मोबाइल आडवा, डोक्यापासून पायांपर्यंत सगळं दिसेल असं, आणि फिट संपल्यावर लगेच बंद करू नका, बोलू लागेपर्यंत चालू ठेवा. नंतर नाक कुठल्या हातानं पुसते तेही येऊ द्या. हसू नका, त्यावरूनही बाजू कळते, बहुधा गडबडीच्या बाजूचाच हात असतो.

काय बिघडतं तेही सांगतो. चार दिवस फिटच येत नाही, मग रात्रभर जागवतात, गोळ्या आणखी उतरवतात, तरी नाही तर परत बोलावतात. पाळीच्या आसपास फिट वाढत असतील तर ॲडमिशनची तारीख त्याच दिवसांवर मागून घ्या, निम्मा प्रश्न सुटतो. किंवा उलट, एका रात्रीत चार फिट ओळीनं येतात. अशा फिट एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यातल्या पहिलीचंच वजन जास्त. इलेक्ट्रोडची पकड सुटते, म्हणून रोज सकाळी तपासून जेल भरतात, प्रत्येक जागेचा रोध साधारण ५ किलोओहमच्या आत ठेवायचा असतो. डोकं खाजवलं की तार गेली. सुपारी किंवा चिवडा दिवसभर चघळत बसलं की टेम्पोरलच्या तारांवर जबड्याच्या स्नायूचे ठिपकेच ठिपके, खालचं काही दिसत नाही. जेवा पोटभर, मधलं चघळणं बंद. मोबाइल चार्जिंगला लावून उशाशी ठेवू नका. संडासाला एकटीनं जायचं नाही आणि आतून कडी लावायची नाही, याला अपवाद नाही.

एक गोष्ट नंतरची. फिटचा घोळका येऊन गेल्यावर माणूस एक-दोन दिवस अगदी छान असतो, आणि मग अचानक संशयी होतो, असंबद्ध बोलतो, रात्रभर झोपत नाही. याला करणी-बिरणी समजू नका. फिटनंतरचा हा मानसिक त्रास ओळखीचा आहे, औषधानं आटोक्यात येतो, फक्त लगेच कळवायला हवं. डिस्चार्जच्या दिवशीच प्रवास करू नका, गोळ्या पूर्ववत सुरू होऊन एखादा दिवस गेला पाहिजे.

एकमिलीमीटर

एमआरआयचं बोलतो. २०१९चा "नॉर्मल" खोटा नसेल, पण त्याला जे विचारलं नाही ते त्यानं सांगितलं नाही. डोकेदुखीला, चक्करला, फिटला साधारण एकच नेहमीचा एमआरआय होतो, ५ मिलिमीटर जाडीचे काप आणि मध्ये थोडी फट. हिप्पोकॅम्पस हा टेम्पोरलच्या आतला, स्मरणशक्तीचा करंगळीएवढा भाग. तो एका बाजूला सुकलाय का, आतली घडी पुसली गेलीय का, हे एवढ्या जाड कापात सहज निसटतं.

फिटसाठीच्या प्रोटोकॉलमध्ये तीन गोष्टी लागतात: १ मिलिमीटरचं, मध्ये फट नसलेलं त्रिमितीय टी-१, तसंच त्रिमितीय फ्लेअर, आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले बारीक टी-२ काप. टी-१, टी-२, फ्लेअर हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार. शक्यतो ३ टेस्लावर. ४०-४५ मिनिटं लागतात. यात गाठीचा संशय नसेल तर डायची गरज सहसा पडत नाही. काय शोधतात? डाव्या हिप्पोकॅम्पसचं आकसणं आणि फ्लेअरवर ते पांढरट दिसणं. लहानपणी तापात लांबलेली आकडी आणि मग किशोरवयात सुरू झालेल्या पोटातून चढणाऱ्या फिट, ही जोडी पाहिली की नजर आधी तिथेच जाते. दुसरं म्हणजे कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) एखादा जाड, धूसर कोपरा, जन्मापासूनचा. आपल्या भागात तिसरं: टेपवर्मच्या जुन्या अळीचा खडू झालेला ठिपका. तो एमआरआयवर कधीकधी दिसत नाही, सीटीवर चमकतो. गंमत अशी की ठिपका एकीकडे आणि फिट निघते दुसरीकडून असंही होतं, किंवा दोन्ही गोष्टी एकत्र असतात. म्हणून ठिपका दिसला की कारण सापडलं असं धरू नका, आणि जुना सीटी असेल तर टाकू नका, न्या.

फॉर्मवर नुसतं "सीझर" लिहून पाठवू नका म्हणून न्यूरोलॉजिस्टना सांगा. "औषधांना दाद न देणारी फोकल फिट, डाव्या टेम्पोरलचा संशय, एपिलेप्सी प्रोटोकॉल" असं (फोकल म्हणजे मेंदूच्या एका जागेतून सुरू होणारी) लिहिलेलं असलं की मशीनवरचा माणूस वेगळं काम करतो आणि रेडिओलॉजिस्ट वेगळ्या नजरेनं बघतो.

आत जाताना: मंगळसूत्र, जोडवी, चमकी, केसांच्या पिना, ब्लाउजची सेफ्टी पिन, सगळं बाहेर. काजळही पुसायचं. आणि ताईत. फिटच्या पेशंटच्या दंडाला किंवा गळ्यात तो असतोच, आणि पितळी नळीच्या आत काय भरलंय कुणालाच माहीत नसतं. ऐन वेळी तो कापायचा म्हटलं की आई रडते. घरूनच सोडवून, हवं तर देवापुढे ठेवून या. तांबी बसवलेली असेल तर सांगा, बहुतेकींवर एमआरआय होतो, पण माहिती हवी. फिटचा मोठा घोळका नुकताच येऊन गेला असेल तर तेही सांगा, त्यानं काही दिवस मेंदूत तात्पुरते पांढरे डाग दिसू शकतात आणि उगाच घोटाळा होतो.

एमआरआय झाला की सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल, म्हणजे मशीनमधली मूळ चित्रं, मागून घ्या. मोठी काळी फिल्म दुसरीकडे नेऊन उपयोग नाही, तिच्यावरून कुणी १ मिलिमीटर बघू शकत नाही. व्हॉट्सॲपवर काढलेला फिल्मचा फोटो तर नकोच.

पूर्वभाग_सोलापूर

नीट कळलं. दोन प्रश्न अजून. पेट स्कॅन आणि स्पेक्ट दोन्ही करावे लागतात का? आणि परीक्षा तेलुगूत व्हावी म्हणून हैदराबादच बरं, असं घरचे म्हणतायत. ते बरोबर आहे का?

एकमिलीमीटर

पेट बऱ्याच जणांचा होतो, विशेषतः एमआरआयवर काही दिसलं नाही तर. साखरेसारखा पदार्थ टोचून बघतात की मेंदूचा कुठला भाग ती कमी खातो. फिट नसताना गडबडीचा भाग सुस्त असतो. ४ ते ६ तास उपाशी, पाणी चालतं, फिटच्या गोळ्या ठरल्या वेळी घ्यायच्याच. इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं, मोबाइल नाही, गप्पा नाहीत. त्या वेळात किंवा त्याच्या जरा आधी फिट येऊन गेली तर चित्र उलटं येऊ शकतं, म्हणून शेवटची फिट किती वाजता आली ते सांगायचं. "बारीक होती, सांगण्यासारखी नव्हती" हे तिथे चालत नाही.

स्पेक्ट फिट चालू असतानाचा, त्या वेळी मेंदूत रक्तप्रवाह कुठे वाढतो ते त्यात दिसतं. इंजेक्शन पलंगाशी भरून ठेवतात आणि फिट सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत टोचायचा प्रयत्न असतो. फिट दीड मिनिटाची, म्हणजे बटण दाबायला उशीर झाला की औषध जाईपर्यंत रक्तप्रवाह दुसरीकडे पसरलेला, आणि स्कॅन चुकीची जागा दाखवतो. औषध रोज ताजं बनवावं लागतं, त्यामुळे हे सहसा दिवसाच जमतं. तिची फिट पहाटेच येत असेल तर आधी सांगा. सगळ्यांना लागत नाही.

शब्दयादी

भाषेसाठी हैदराबाद निवडू नका. हैदराबाद इतर कारणांनी निवडा.

सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू आणि हैदराबादच्या छापील शब्दयादीतली तेलुगू यांत अंतर आहे. आपल्याकडे बाजार, हिशोब, शाळा, दवाखाना हे सगळे शब्द मराठीतून आलेले. यादीतला शब्द तिनं कधी ऐकलाच नसेल तर तो आठवला नाही म्हणून गुण जातात, आणि कागदावर दिसतं की डाव्या टेम्पोरलची स्मरणशक्ती कमजोर. आधी ठरवायला हवं की तिची चालती भाषा कुठली. पैसे कुठल्या भाषेत मोजते? भांडते कुठल्या भाषेत? वहीत काय लिहिते? तुम्ही लिहिलंय की फिटनंतर तेलुगू आधी परततं, ही फार उपयोगाची माहिती आहे, भेटीत सांगाच. व्यवहारात असं करतात: शब्दांची यादी शिकणं आणि गोष्ट आठवणं हे शाळेच्या भाषेत, वस्तूंची नावं सांगणं दोन्ही भाषांत. मराठी बोलणारा सायकॉलॉजिस्ट पुण्या-मुंबईत मिळणं सोपं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची जी चाचण्यांची संचिका भारतात वापरतात, तिच्यात वय आणि शिक्षण धरून तुलना होते, म्हणून दहावी झाली की नववीत सोडली हे खरं सांगा. लाजून एक इयत्ता वाढवली तर तिच्या गुणांची तुलना चुकीच्या गटाशी होते.

घरच्यांनी दुभाष्या व्हायचं नाही. बहिणीला आठवत नाही हे पाहून भाऊ "अगं ते नाही का, स्वयंपाकघरातलं" असं म्हणतोच. माणुसकी आहे, पण परीक्षा गेली.

३ ते ५ तास लागतात, कधी दोन दिवसांत विभागून. चष्मा न्या. आदल्या रात्री झोप पूर्ण. २४ तासांत फिट आली असेल तर तारीख बदलून मागा. म्हणूनच ही परीक्षा शक्यतो गोळ्या उतरवायच्या आधी घेतात. तिला टोपिरामेट नाही हे बरं, ती गोळी चालू असली की शब्द सुचायलाच वेळ लागतो.

आता हे कशासाठी. उजव्या हातानं लिहिणाऱ्या बहुतेकांचं बोलणं डावीकडे असतं, शंभरात ९५ जणांचं. डाव्या टेम्पोरलचं ऑपरेशन म्हणजे शब्दांची स्मरणशक्ती जिथे राहते त्याच्या शेजारी हात घालणं. आणि इथे लोकांना उलटं वाटतं ते असं: परीक्षेत शब्दांची स्मरणशक्ती उत्तम निघाली तर ती आनंदाची बातमी नाही, कारण गमवायला तेवढं जास्त आहे. हिप्पोकॅम्पस आधीच सुकलेला आणि शब्दांचे गुण आधीच कमी असतील, तर काढल्यानं नुकसान त्या मानानं कमी होतं. म्हणून मुलीला "चांगले मार्क पाड" असं सांगून पाठवू नका. जमेल तसं करायचं, एवढंच.

लहानपणीच डावीकडे इजा झाली असेल तर बोलणं उजवीकडे सरकलेलं असू शकतं. ते पाहायला फंक्शनल एमआरआय करतात, मशीनमध्ये पडून मनातल्या मनात शब्द जुळवायचे. त्यातही भाषा आधी ठरवून द्या. पूर्वी यासाठी मानेतल्या धमनीतून औषध सोडून अर्धा मेंदू काही मिनिटं झोपवायचे, त्याला वाडा टेस्ट म्हणतात. जून वाडा या डॉक्टरांनी ती १९४९मध्ये मांडली. आता क्वचितच लागते.

सोबत मानसोपचारतज्ज्ञाची भेट असते. त्याचा अर्थ "वेडी ठरवली" असा नाही. उदासी, घाबरणं हे फिटसोबत वारंवार असतं आणि ऑपरेशननंतर वर येऊ शकतं, म्हणून आधी नोंद. तिथे तिला विचारतील की फिट थांबल्या तर काय करायचंय. उत्तर तिचं स्वतःचं हवं, तुमचं नको. आणि नजरेच्या कडेची तपासणी राहू देऊ नका, म्हणजे पेरिमेट्री. डाव्या टेम्पोरलमधून जाणारे नजरेचे काही तंतू कापले जातात, मग दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचा वरचा कोपरा दिसेनासा होऊ शकतो. आधीचा कागद नसेल तर नंतर काय गेलं ते कळायचं कसं?

फाईलवाला

फाईलबद्दल. वर रिपोर्टचा सारांश एका पानात: फिट कधीपासून, कशी, महिन्याला किती, कोणती गोळी कधी, जास्तीत जास्त किती डोसात आणि का बंद झाली. हे शेवटचं सगळे विसरतात. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०१०च्या व्याख्येनुसार योग्य निवडलेल्या, सोसवलेल्या दोन औषधांनी, पुरेशा डोसात घेऊनही फिट थांबल्या नाहीत तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार. तुमच्या बहिणीचा कधीच त्यात बसतो. पण कार्बामाझेपिन अंगावर पुरळ आलं म्हणून सोडली की फिट थांबेना म्हणून, यानं गणित बदलतं. मागे फिटची डायरी, तीन महिन्यांची तरी: तारीख, वेळ, झोपेत की जागी, पाळीचा दिवस, चुकलेली गोळी. ताजं रक्त तपासून न्या, ऑक्सकार्बाझेपिनमुळे सोडियम उतरलेलं असू शकतं आणि ते तिथे ऐन वेळी सापडलं की दोन दिवस जातात.

एमआरआय कुठे करायचा यावर माझं वरच्यांपेक्षा थोडं वेगळं मत आहे. फॉर्म कितीही नीट लिहिला तरी जिथे ऑपरेशन करणार तिथे बरेचदा परत काढतात, कारण सर्जनला तोच डेटा ऑपरेशनच्या नकाशासाठी हवा असतो. इथे पैसे घालण्याआधी त्या सेंटरला फोन करून विचारा की बाहेरचा ३ टेस्लाचा डायकॉम चालेल का. ते हो म्हणाले तरच इथे करा.

कुठे जायचं? विचारायचा प्रश्न "ऑपरेशन होतं का" हा नाही. विचारा: व्हिडिओ ईईजीचे बेड किती, रात्री मॉनिटर कोण बघतं, सायकॉलॉजिस्ट टीममध्ये आहे का बाहेरून येतो, सगळ्यांची एकत्र मीटिंग कुठल्या दिवशी असते. मुंबईत केईएमला, बंगळुरूला निम्हान्समध्ये, दिल्लीला एम्समध्ये हे काम होतं. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रामध्ये १९९५पासून होतंय. सरकारी ठिकाणी व्हिडिओ ईईजीची तारीख लांबची मिळते, म्हणून आधी ओपीडी करून तारीख लावून ठेवा, इकडे डायरी आणि व्हिडिओ जमवत राहा. तारीख मकर संक्रांतीच्या आसपास आली आणि घरचे गड्ड्याची जत्रा झाल्यावर जाऊ म्हणाले तर ऐकू नका, एकदा सोडलेली तारीख लवकर परत मिळत नाही.

पैशाचं: महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघा. आडनावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं, हा पूर्व भागातला नेहमीचा घोळ. मग आपल्या सिव्हिलमधल्या किंवा त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला दोन वेगळे प्रश्न विचारा: ऑपरेशन पॅकेजमध्ये आहे का, आणि आधीच्या तपासण्या त्यात धरतात का. पहिल्याचं उत्तर "हो" आलं म्हणून दुसऱ्याचं गृहीत धरू नका.

पूर्वभाग_सोलापूर

एवढं सगळं करून फिट थांबण्याची शक्यता किती? आणि एमआरआय परत नॉर्मल आला तर दार बंद का?

तारा_आणि_पेस्ट

बंद नाही, लांबचा रस्ता. आधी आकडा. २००१मध्ये कॅनडात टेम्पोरल लोबच्या ८० पेशंटचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून अभ्यास झाला. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मोकळे होते ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर झालेल्या २०१७च्या अभ्यासात वर्षभर एकही फिट नसलेले ७७ टक्के आणि ७ टक्के. पण त्यात वेगवेगळ्या प्रकारची ऑपरेशनं होती, ते आकडे तिला जसेच्या तसे लावू नका. तिचा खरा आकडा ठरतो तो हात, ईईजी, एमआरआय, पेट आणि शब्दांचे गुण एकाच जागी बोट दाखवतात का, यावर. हिप्पोकॅम्पस सुकलेला दिसला तर बाजू भक्कम, एमआरआय कोरा असेल तर कमी. आणि यशस्वी झालं तरी गोळ्या लगेच सुटत नाहीत, साधारण वर्ष-दोन वर्षं चालूच.

एमआरआय नॉर्मल आणि बाकीचे एकमेकांशी भांडत असतील तर स्टिरिओ ईईजी सुचवतात. कवटीला अडीचेक मिलिमीटरची भोकं पाडून मिलिमीटरपेक्षाही बारीक तारा आत सोडतात, साधारण ८ ते १५, आणि एक-दोन आठवडे तशाच ठेवून फिटची वाट बघतात. मेंदूत रक्तस्रावाचा धोका शंभरात एकाच्या आसपास. हे पॅरिसमध्ये १९५०-६०च्या दशकांत सुरू झालं. यासाठी आधी एक अंदाज हवा: तारा कुठे सोडायच्या हे वरच्याच तपासण्यांवरून ठरतं, अंधारात काठी मारण्यासाठी ही तपासणी नाही. म्हणून परत तेच, पहिल्या मुक्कामातल्या फिट नीट रेकॉर्ड होऊ द्या.

पूर्वभाग_सोलापूर

शेवटचं. मुंबई ठरली तर रात्रीची सिद्धेश्वर बरी की दिवसाची गाडी?

फाईलवाला

दिवसाची. जागरणानं फिट येते, आणि ती वॉर्डात यायला हवी, गाडीत नाही. रात्रीचीच मिळाली तर लोअर बर्थ, आणि समोरचा लोअर सोबतच्या माणसाचा. मिडल किंवा अप्पर कुणी बदलून मागितला तर देऊ नका. रात्रीचा डोस गाडीत बसायच्या आधी, घड्याळ लावून. दाराजवळच्या बेसिनला तिला एकटीला पाठवू नका, पाणी सीटवरच द्या.